दूध ओतणाऱ्या बाईचं नाव काय? (डच चित्रांमधले मालक, मोलकरणी आणि बेकरीवाले)

कापूसकोंडा | सोमवार, रात्री १०:४०

आई सध्या आमच्याकडे यूट्रेख्तला आलीये. ट्यूलिपचा सीझन संपला, पवनचक्क्या बघून झाल्या, चीजच्या दुकानात वास येतो म्हणून आत पाऊल टाकायला तयार नाही, म्हणून शनिवारी तिला ॲम्स्टरडॅमला राईक्सम्युझियममध्ये घेऊन गेले. मला वाटलं तासाभरात पाय दुखतायत म्हणेल आणि कॅफेत जाऊन बसू. तर ही बाई व्हर्मीरच्या (सतराव्या शतकातला डच चित्रकार) दूध ओतणारीसमोर जी उभी राहिली ती हलेचना. मागून लोक मोबाईल उंच करून फोटो काढतायत आणि ही आपली चष्मा कपाळावर चढवून, मान पुढे काढून, तांदूळ निवडल्यासारखं चित्र बघतेय.

चित्र एवढंसं आहे हो. ४५ सेंटिमीटर बाय ४१, साधारण १६६० च्या आसपासचं. आईने आधी काय बघितलं तर हात. "मनगटापर्यंत रापलेत बघ, आणि बाही वर सारलीय तिथून गोरी आहे." मी हे चित्र चार वेळा बघितलंय, मला ते एकदाही दिसलं नव्हतं. मग म्हणाली पाव शिळा आहे, तुकडे करून ठेवलेत, त्यात दूध घालून ही काहीतरी करणार, आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तसं, वाया नाही घालवायची. (हे नुसतं आईचं मत नाही बरं का, ती पावाचं पुडिंग नाहीतर लापशी करतेय असं म्हणणारे अभ्यासक आहेत.) भिंतीला खिळा, उपटलेल्या खिळ्यांची भोकं, खिडकीची एक काच फुटकी, जमिनीवर पाय शेकायची लाकडी पेटी. हे सगळं माझ्या आईने एखाद्या नव्या भाडेकरूसारखं तपासलं आणि मग विचारलं, "ही घरची आहे का कामाची?"

कामाची, मी म्हटलं.

"मग नाव काय हिचं?"

पाटीवर तर 'मिल्कमेड' असं लिहिलंय. खरं तर ती गवळणही नाही, स्वैपाकघरात काम करणारी मोलकरीण आहे. "ते झालं काम, नाव कुठाय?" आता काय सांगणार. १६९६ मध्ये व्हर्मीरची २१ चित्रं ॲम्स्टरडॅमला लिलावात निघाली, त्या यादीतही 'दूध ओतणारी मोलकरीण' एवढंच आहे, वर फारच छान जमलीय असं कौतुक, आणि किंमत १७५ गिल्डर (तेव्हाचं डच चलन). त्या लिलावात हिच्यावर फक्त डेल्फ्ट शहराचा देखावा गेला, २०० ला. म्हणजे भाव आला पण नाव नाही आलं.

आणि मग तिथून थोडं पुढे गेलं की रेम्ब्रांटचं नाईट वॉच. १६४२ चं, भिंतभर. तिथे मागे कमानीवर एक ढाल आहे आणि ढालीवर चक्क १८ नावं लिहिलीत (ढाल नंतर कोणीतरी रंगवलीय, रेम्ब्रांटने नाही). ही सगळी शहराच्या रक्षक दलातली प्रतिष्ठित मंडळी. वर्गणी काढून चित्र करून घेतलं, दरडोई साधारण १०० गिल्डर, पण ज्याची जागा पुढे त्याने जास्त भरले आणि जो मागे त्याने कमी, हे त्यांच्यातल्याच एकाने नंतर साक्षीत सांगून ठेवलंय. उजवीकडे ढोल वाजवणारा आहे तो भाड्याने आणलेला, त्याने पैसे दिलेले नाहीत म्हणून ढालीवर त्याचं नाव नाही. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव घालतात तसंच की. दिले पैसे, घाला नाव."

तेव्हापासून डोक्यात हेच फिरतंय. मी काही चित्रकलेतली नाही, सप्लाय चेनमध्ये आहे. पण त्यानंतर जे जे डच चित्र बघतेय त्यात मला आधी हेच दिसतंय की नाव कोणाला आहे आणि कोणाला नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा.

सुगरण_नव्हे | सोमवार, रात्री ११:०५

आईंना साष्टांग. वाचतेय. फोटो टाका ना आईंचा आणि दूधवालीचा एकत्र.

उपद्व्यापी | सोमवार, रात्री ११:५२

छान लिहिलंय पण आता इथेही वर्ग वगैरे येणार का. एक सुंदर चित्र आहे, प्रकाश बघा, तो निळा ॲप्रन बघा, दुधाची धार बघा. प्रत्येक गोष्टीत कोण मालक कोण नोकर करत बसलं की चित्र बघायचं राहूनच जातं. आणि डच लोक तर तेव्हाच्या युरोपात त्यातल्या त्यात समानतावाले होते ना, राजा नाही, दरबार नाही. सरदारांच्या तसबिरी बघायच्या तर स्पेनला जा. इथे मोलकरणीचं चित्र निघतंय हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

चित्रकथी_रिटायर्ड | मंगळवार, सकाळी ६:३१

उपद्व्यापी, अर्धं बरोबर बोललात. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली त्यामुळे सवयीने अर्धे मार्क देतो.

तो निळा ॲप्रन म्हणताय ना, त्यात अल्ट्रामरीन आहे. म्हणजे लाजवर्दाचा दगड अफगाणिस्तानच्या डोंगरातून आणून, कुटून, धुऊन केलेला रंग, त्या काळातला सगळ्यात महाग निळा. साधारण चित्रकार तो जपून जपून वापरायचे, देवाच्या आईच्या झग्याला वगैरे. व्हर्मीरने तो कोणाच्या अंगावर घातला तर भांडीवालीच्या. तेव्हा तुम्ही प्रकाश बघायला निघालात तरी मोलकरीण आडवी येणारच.

आता समानतेचं. राजा नाही हे खरं (स्टॅडहाऊडर, म्हणजे प्रांतांचा कारभारी, होता पण तो राजा नव्हे), आणि त्यांच्या कॅल्व्हिनपंथी (कडक प्रोटेस्टंट) चर्चना भिंतीवर चित्रं चालत नव्हती. म्हणजे चित्रकाराची दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. मग उरलं कोण, तर बाजार. मीठ-मासळीसारखी चित्रं जत्रेत, दुकानात विकली जायची. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६४० मध्ये ॲम्स्टरडॅमला आला, त्याने लिहून ठेवलंय की खाटीक, बेकरीवाले यांच्या दुकानातही चित्रं आहेत आणि लोहार-चांभारसुद्धा भट्टीजवळ एखादं टांगतात. (हा मंडी त्याआधी सुरतेला आणि आग्र्याला राहून गेलेला, ताजमहालाचं काम चालू असताना. माणूस भटक्या होता.) तेव्हा चित्र विकत घेणं ही खालपर्यंत पोचलेली गोष्ट होती. पण स्वतःचं चित्र काढून घेणं ही नव्हे! घरात चित्र असणं वेगळं आणि चित्रात आपण असणं वेगळं. लोहाराच्या भिंतीवर समुद्र असायचा, गाय असायची. लोहार नसायचा.

कापूसकोंडा | मंगळवार, सकाळी ९:१४

सर हे फार आवडलं, लोहाराच्या भिंतीवर लोहार नसायचा. ट्रेनमध्ये वाचून एकटीच हसले.

माळ्यावरचा_पेटारा | मंगळवार, दुपारी १:२०

माझा विषय कापड त्यामुळे मी कपड्यांबद्दलच बोलणार. लोकांना वाटतं ते डच श्रीमंत किती साधे, काळे कपडे घालायचे, धर्माने साधेपणा शिकवला वगैरे. साधे कसले. चांगला काळा रंग ही तेव्हा सगळ्यात खर्चिक भानगड होती. स्वस्तातला काळा दोन पावसाळ्यात तपकिरी पडतो आणि कापड पण खातो. टिकणारा गडद काळा पाहिजे तर कापड आधी निळ्यात बुडवायचं मग वरून बाकीचे रंग चढवायचे, म्हणजे दोनतीनदा रंगवल्याचे पैसे. त्यामुळे तो 'साधा' काळा कोट बघून शेजाऱ्याला बरोबर कळायचं की किती खर्च झालाय, तुम्हाआम्हाला कळत नाही एवढंच. आपल्याकडे नाही का साधी पांढरी चंदेरी, जरीचा काठ पण बोटभर, पण माहितगार बाई लग्नात लांबूनच किंमत सांगते.

रेम्ब्रांटने १६३४ मध्ये काढलेली मार्टेन सूलमन्स आणि ओप्येन कॉपिट ह्या नवराबायकोची जोडचित्रं बघा. माणसाएवढी, डोक्यापासून पायापर्यंत. असं उभं पूर्ण चित्र तोवर राजेरजवाड्यांचं, सरदारांचं असायचं. हे दोघं कोण, तर नवरा विशीतला, त्याच्या वडलांचा साखरेचा कारखाना, अँटवर्पहून निर्वासित म्हणून आलेलं घराणं. त्याच्या बुटांवरची ती लेसची फुलं बघा, फुलकोबी एवढी आहेत. २०१६ मध्ये राईक्सम्युझियम आणि लूव्रने मिळून ही जोडी १६ कोटी युरोला घेतली. आणि २०२१ मध्ये राईक्सम्युझियमनेच गुलामगिरीवर प्रदर्शन भरवलं त्यात ह्याच जोडीतून साखरेची गोष्ट सांगितली, कारण ती कच्ची साखर यायची ब्राझीलमधून, उसाच्या मळ्यात राबायचे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. चित्रात ते कुठेही नाहीत. लेस आहे.

आणि ती पांढरी कॉलर! तिचं वेगळंच प्रकरण आहे. तागाचं कापड मुळात मळकट पिवळट असतं, त्याला पांढरं करायचं तर क्षाराच्या पाण्यात उकळा, ताकात बुडवा, गवतावर पसरा, पाणी मारा, परत पसरा, असं महिनोन्महिने. हार्लेमच्या बाहेर त्याची मैदानंच होती, देशोदेशीचं कापड तिथे यायचं. रॉइसडालचं हार्लेमचं चित्र आहे, हेगच्या माउरित्सहाउसमध्ये, वर प्रचंड ढग आणि खाली जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे सुकत घातलेलं कापड. नीट बघितलं तर त्यात काम करणारी माणसं आहेत, तिळाएवढी. म्हणजे एका चित्रात कॉलर एवढी मोठी की मान दिसत नाही आणि दुसऱ्या चित्रात ती कॉलर धुणारी बाई एक ठिपका. मी हे दोन प्रिंट घरी शेजारी शेजारी लावलेत, बायको म्हणते गेस्टरूममध्ये हलव.

सुगरण_नव्हे | मंगळवार, दुपारी २:०२

ताकात बुडवायचे!! एवढं ताक आणायचं कुठून. आमची आजी धोतरांना नीळ आणि खळ करायची तेवढ्यानेच तिची कंबर जायची.

वेंगुर्लेकर_बाबल्या | मंगळवार, रात्री ९:४८

आमच्या वेंगुर्ल्याक डचांची वखार आसा, आता पडलेली, झाडी वाढलेली, म्हायत आसा मां? लहानपणी तिकडे गुरं शोधायला जायचो. १६३७ पासून डच होते इथे. कोणी शिकवलं नाही शाळेत की ते इथून काय न्यायचे आणि तिकडे जाऊन त्याचं काय करायचे. आता कळलं, चित्रं काढून घ्यायचे 😀

नाईट वॉचमध्ये पिवळ्या कपड्यातला जो पुढे चालतो तो लेफ्टनंट, व्हिलेम फान रायटनबर्ख, त्याचं घराणं मसाल्याच्या व्यापारावर वर आलेलं. मग जहागीर विकत घेतली. आणि शेजारी काळ्या कपड्यातला कॅप्टन बानिंग कॉक, त्याचा बाप जर्मनीतून ब्रेमेनहून आलेला औषधविक्या. पोराने मोठ्या घरात लग्न केलं, सासऱ्याची इस्टेट मिळाली, झाला साहेब. म्हणजे ढालीवर नावं असलेले पण एका पिढीमागे तसे कोणी नव्हतेच. माका तर ह्येच आवाडला. मिरी विकणाऱ्याचो झिल सोनेरी कपडे घालून इलो.

उपद्व्यापी | मंगळवार, रात्री १०:३०

बाबल्याने माझाच मुद्दा मांडला. वर जाता येत होतं. जातीसारखं नव्हतं ते. मिरीवाला जहागीरदार होऊ शकत होता, मग नाव नाही नाव नाही काय लावलंय. शिवाय मोलकरणीचं नाव नसतं तसं व्हर्मीरच्या चित्रांतल्या मालकिणींचं तरी कुठे माहितीये? मोत्याची इअररिंगवाली कोण होती सांगा बरं. ती पोर्ट्रेट नाहीतच, ते सीन आहेत.

कापूसकोंडा | मंगळवार, रात्री ११:१०

हा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. मोत्यावालीचं पण माहीत नाही. पण जिथे पोर्ट्रेटच आहे तिथे बघू ना मग. फ्रान्स हाल्सचं एक आहे बर्लिनला, कॅटरिना होफ्ट आणि तिची दाई, १६२० च्या आगेमागे. मुलगी जेमतेम दीड-दोन वर्षांची, अंगावर जरीचं फुलाफुलांचं कापड, एवढीशी मान आणि हा एवढा लेसचा घेर. दाई तिला सफरचंद देतेय आणि दोघीही आपल्याकडे बघतायत, जणू आत्ता कोणी खोलीत आलं. पोरीचं नाव माहीत, बापाचं माहीत, मोठेपणी ज्याच्याशी लग्न झालं तो पुढे ॲम्स्टरडॅमचा महापौर झाला तेही माहीत. दाई म्हणजे दाई. आणि गंमत म्हणजे चित्रात माणूस म्हणून दाईच जास्त जिवंत आहे, पोर कपड्यात हरवलीय.

चित्रकथी_रिटायर्ड | बुधवार, सकाळी ६:१५

हाल्सचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर आज मी गप्प बसणार होतो.

हार्लेमला हाल्सचं म्युझियम आहे ते ज्या वास्तूत आहे ती मूळची म्हाताऱ्या निराधार पुरुषांची धर्मशाळा. मी मुलाकडे गेलो होतो तेव्हा बघितलं, अंगणाभोवती खोल्या, आपल्या वाड्यासारखंच. ह्या धर्मशाळेच्या विश्वस्तांची दोन चित्रं हाल्सने १६६४ मध्ये केली, एक पुरुष विश्वस्तांचं, एक बायकांचं. तो तेव्हा ऐंशी पार केलेला. काळ्यावर काळं, त्यातून नुसते चेहरे आणि हात वर येतात. पुरुषांच्या चित्रात सगळ्यांच्या डोक्यावर हॅट आणि एकच बोडका. तो नोकर. साहेबांसमोर टोपी काढून उभा राहायचं, मग ते चित्रात का असेना.

आता ऐका. हा जो चित्रकार ह्या दानशूर मंडळींची चित्रं काढतोय तो स्वतः त्या वेळी नगरपालिकेच्या मदतीवर जगत होता. १६६४ मध्येच त्याला वर्षाला २०० गिल्डर आणि शेकोटीसाठी पीट (दलदलीतून काढलेलं जळण) मंजूर झालं. त्याच्या दहा वर्षं आधी, १६५४ मध्ये, एका बेकरीवाल्याची उधारी थकली म्हणून घरातल्या सामानाची यादी झाली: तीन गाद्या आणि उशा, एक कपाट, एक टेबल, पाच चित्रं. बस, एवढंच घर. म्हणून मग लोकांनी कथा रचली की हाल्स त्याच धर्मशाळेत राहायचा आणि त्याने विश्वस्तांचे चेहरे मुद्दाम क्रूर काढून सूड घेतला. ते खोटं आहे, तो तिथे कधीच राहत नव्हता. आणि सूड काढायचा असता तर त्यांनी चित्र घेतलं असतं का हो?

पण विचार करा. कोळसा-पिटाची भीक घालणाऱ्या वर्गाचा चेहरा आठवडाभर समोर बसून न्याहाळायचा, आणि त्याचेच पैसे घ्यायचे. त्या बायकांच्या चित्रात उजवीकडच्या एकीचा हात मांडीवर नुसता पडलाय. मी तो हात किती वेळ बघत होतो मला आठवत नाही, सून बोलवायला आली.

सुगरण_नव्हे | बुधवार, सकाळी ८:४४

बेकरीवाल्याची उधारी?? व्हर्मीरचं पण असंच काहीतरी वाचल्यासारखं वाटतंय.

कापूसकोंडा | बुधवार, दुपारी १२:५०

हो!! हेच सांगायचं राहिलं. व्हर्मीर १६७५ च्या डिसेंबरात वारला, ४३ वर्षांचा, पदरात ११ मुलं. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यापासून चित्रविक्री बसलेली. डेल्फ्टचा हेंड्रिक फान बाइटन म्हणून बेकरीवाला होता, त्याची पावाची उधारी ६१७ गिल्डर. कुशल कारागिराला तेव्हा दिवसाला साधारण एक गिल्डर मिळायचा, म्हणजे दोन वर्षांची मजुरी झाली ही. पावाची! बायकोने, कॅटरिनाने, पुढच्याच महिन्यात त्याला दोन चित्रं देऊन टाकली. एकात एक जण तंतुवाद्य वाजवतेय आणि दुसऱ्यात दोघी आहेत, एक बसून पत्र लिहितेय, अशी कागदात नोंद आहे. ते दुसरं म्हणजे आज डब्लिनला असलेलं मालकीण पत्र लिहितेय आणि मागे मोलकरीण हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघतेय ते असावं असं बरेच जण मानतात. मोलकरणीचं चित्र पावापायी गेलं.

आणि हा बेकरीवाला काही रडतखडत जगणारा नव्हता. १६६३ मध्ये एक फ्रेंच प्रवासी व्हर्मीरला भेटायला डेल्फ्टला आला तर व्हर्मीरकडे दाखवायला चित्रच नव्हतं, एका बेकरीवाल्याकडे बघायला मिळालं. एकच आकृती असलेलं, म्हणे ६०० लिव्हर (फ्रेंच चलन) मोजलेले, आणि फ्रेंच साहेबाला ते फार महाग वाटलं.

वेंगुर्लेकर_बाबल्या | बुधवार, दुपारी १:३७

ह्या बेकरीवाल्यांचं युनियन होतं काय!

मी एक बघितलंय इंटरनेटवर, यान स्टेनचं, लायडनचा बेकरीवाला आणि त्याची बायको, १६५८. अरेंट ओस्टवार्ट नाव. सदऱ्याचा गळा उघडा, बाह्या वर, फळीवर पाव मांडतोय आणि मागे पोरगा शिंग फुंकतोय, गरम पाव झाले रेऽ म्हणून. मी चार वर्षं म्हापशाला होतो, सकाळी सायकलवरून पोदेर यायचा भोंगा वाजवत, पोंय आणि उंडे घेऊन. चित्र बघितल्यावर तोच आवाज आला कानात, शपथ. तर बघा, काम करतानाच चित्र आहे आणि तरी नाव आहे. हात पिठाचे पण पैसे स्वतःचे.

माळ्यावरचा_पेटारा | बुधवार, दुपारी ३:१०

बाबल्या भारी. त्याच स्टेनचं उलटं उदाहरण, डेल्फ्टचा गृहस्थ आणि त्याची मुलगी, १६५५. हा गृहस्थ धान्याचा व्यापारी आडोल्फ क्रूसर, असं आता म्हणतात. घराच्या पायरीवर ऐसपैस बसलाय, मागे कालवा, चर्चचा मनोरा. शेजारी लेक, तेरा-चौदाची असेल, नखशिखान्त रेशमात. आणि डावीकडे एक भिकारीण, बरोबर पोर, हात पुढे. बापाच्या हातात कागद. लेक आपल्याकडे, म्हणजे बाहेर बघतेय, भिकारणीकडे तिची पाठच. हे चित्र त्याने स्वतः काढून घेतलंय असंच दिसतं, म्हणजे ती भिकारीण त्याला हवी होती चित्रात. दानशूरपणा दाखवायला कोणीतरी घेणारा लागतोच ना. आपल्याकडे रुग्णांना केळी वाटतानाचे फोटो येतात पेपरात, केळं एक आणि देणारे हात अकरा, त्यातला प्रकार.

स्टेन स्वतः त्याच सुमाराला डेल्फ्टमध्ये बिअरची भट्टी चालवायला घेऊन बसला होता, ती काही चालली नाही. पुढे लायडनला खानावळ काढली. डच लोक अजून पसारा पडलेल्या घराला 'यान स्टेनचं घर' म्हणतात, कापूसकोंडा तुम्ही ऐकलं असेल.

कापूसकोंडा | बुधवार, दुपारी ३:२५

शेजारीण माझ्या मुलाच्या खोलीला रोज म्हणते.

उपद्व्यापी | बुधवार, रात्री ११:२०

ओके, बेकरीवाल्याने मला गप्प केलं आहे असं समजू नका, पण एक प्रश्न. मग ज्यांनी पैसे नाही दिले, ज्यांची ऐपतच नव्हती, त्यातल्या कोणाचंच नाव आपल्याला माहीत नाही का? एक पण नाही? खरंच विचारतोय.

शिळंपाकं | गुरुवार, पहाटे ५:०५

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचक. आहेत नावं. पण ती कुठून आली बघा.

व्हर्मीरच्या सासूकडे टानेके एफरपूल नावाची मोलकरीण होती. दूध ओतणारी तीच असेल असं काही लोक अंदाजाने म्हणतात, पुरावा नाही. पण तिचं नाव आपल्याला का माहितीये? कारण व्हर्मीरचा मेव्हणा डोक्याने बिघडलेला, गरोदर बहिणीच्या, म्हणजे व्हर्मीरच्या बायकोच्या अंगावर काठी घेऊन धावायचा, काठीच्या टोकाला लोखंडी खिळा. टानेके मध्ये पडायची. तो मेव्हणा पुढे कोंडला गेला, त्या प्रकरणात १६६६ मध्ये तिची साक्ष झाली. साक्षीच्या कागदात नाव आलं.

हाल्सची 'माले बाबे' आहे, खिदळणारी बाई, हातात बिअरचा टमरेल, खांद्यावर घुबड. ती खरी होती, बार्बरा क्लास. नाव कळलं ते हार्लेमच्या वेड्यांना आणि बेवारशांना ठेवायच्या घराच्या नोंदीतून. हाल्सचा स्वतःचा एक मतिमंद मुलगा पण तिथेच होता. म्हणजे तो तिथे जात असणार, कोणाला तरी भेटायला.

रेम्ब्रांटकडे बायको गेल्यावर मुलाला सांभाळायला खेर्ट्ये डिर्क्स होती. लग्नाचं वचन दिलं होतं म्हणून तिने त्याच्यावर केस केली, १६४९ मध्ये. वर्षाला २०० गिल्डर द्यायचे ठरले, पण तिने पहिल्या बायकोचे दागिने गहाण टाकले म्हणून त्याने खटपट करून तिला खाउडाच्या सुधारगृहात पाठवलं, पाच वर्षं गेली तिची तिथे. तिचं नाव पण कोर्टामुळेच.

आणि एल्स्ये क्रिस्टियान्स. डेन्मार्कमधून मोलकरणीचं काम शोधायला ॲम्स्टरडॅमला आलेली १८ वर्षांची मुलगी. भाडं थकलं, घरमालकिणीने तगादा लावला, भांडण, मुलीच्या हाताला कुऱ्हाड लागली, मालकीण मेली. १६६४ च्या मे महिन्यात तिला ॲम्स्टरडॅमच्या डॅम चौकात मारलं आणि प्रेत पाण्यापलीकडे खांबाला बांधून ठेवलं, डोक्याशेजारी ती कुऱ्हाड टांगून, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावं म्हणून. रेम्ब्रांट तिकडे गेला आणि त्याने तिची दोन रेखाटनं केली, एक समोरून एक बाजूने. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहेत. तळहाताएवढी. दोऱ्या कुठे बांधल्यात ते नीट दिसतं, परकर दिसतो, पाय लोंबतायत. चित्रावर तिचं नाव नाही. कोर्टाच्या जुन्या वहीशी ताडून विसाव्या शतकात कोणीतरी शोधून काढलं.

तर आहेत नावं, उपद्व्यापी. पोलिसात, कोर्टात, वेड्यांच्या घरात. मी अशाच एका नोंदी करणाऱ्या खात्यात नोकरी करते म्हणून माझं लक्ष गेलं असेल. आमच्याकडे पण ज्या बाईचं काहीच बिघडलं नाही तिचा कागद नसतो.

चित्रकथी_रिटायर्ड | गुरुवार, सकाळी ६:४०

पूर्ण मार्क.

उपद्व्यापी | गुरुवार, सकाळी ९:३०

बोलण्यासारखं काही शिल्लक नाही माझ्याकडे. ते रेखाटन आत्ता बघितलं ऑफिसमध्ये. बघायला नको होतं सकाळी सकाळी. लिहीत राहा तुम्ही, नुसतं वाचत नका बसू.

(प्रकाश आणि निळा ॲप्रन ह्यावर मी अजून ठाम आहे.)

सुगरण_नव्हे | गुरुवार, सकाळी १०:१२

दूधवालीचं काही बिघडलं नाही म्हणून तिचं नाव नाही, असं धरून चालायचं का मग. बरं वाटलं जरा.

वेंगुर्लेकर_बाबल्या | गुरुवार, दुपारी १२:००

देव करो नि तसाच असो.

कापूसकोंडा | गुरुवार, रात्री १०:०८

आज रात्री जेवताना आईला हे सगळं वाचून दाखवलं, अर्धा तास लागला, आमटी गार झाली. एल्स्येच्या वेळी ती काही बोलली नाही, उठून पाणी प्यायली. मग सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं. त्या बेकरीवाल्याचे ६१७ फिटले का?

परत शोधलं. कॅटरिनाने करार केला होता की दरवर्षी ५० गिल्डर भरत जाईन आणि फिटले की चित्रं परत द्यायची. म्हणजे बारा वर्षांच्या वर. पण करार केला त्याच वर्षी तिने दिवाळखोरीचा अर्ज दिला. आणि १७०१ मध्ये बेकरीवाला वारला तेव्हा त्याच्या घरच्या यादीत व्हर्मीरची तीन चित्रं निघाली.

आई म्हणाली, "म्हणजे नाही फिटले," आणि ताटं उचलून ओट्याकडे गेली. मी घासते म्हटलं तर ऐकत नाही.